चाकातली टिक्

सायकलचा आवाज आधी मोजायचा. पायडलच्या फेरीबरोबर टिक् येत असेल तर दोष पायडलात किंवा क्रँकमध्ये. पाय थांबवूनही चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदाच येत असेल, तर तो चाकाचाच.

कात्रजच्या चढावर माझ्या मागच्या चाकातून असा आवाज यायला लागला. उभं राहून जोर लावला की वाढायचा, उतारावर फ्रीव्हीलच्या टकटकीत बुडून जायचा. याच सायकलवर मी रोज कामाला जातो, म्हणून त्याच रात्री ती उलटी केली आणि ३६ तारा बोटाने एकेक छेडल्या. एका बाजूच्या तारांचा सूर साधारण सारखा हवा. दोन तारा नुसत्याच थडथडल्या. सैल तारेचा भार शेजारणींवर पडतो आणि कधीतरी त्यांतली एखादी हबपाशी, वाकणात तुटते. ते घाटाच्या उतारावर झालं तर डोलणारी रिम ब्रेकला घासते.

निपल पाव-पाव फेरा आवळले, ब्रेकच्या रबरांकडे बघत चाकाचा आउट काढला. तारा एकमेकींना ओलांडतात तिथे तेलाचा एकेक थेंब सोडला. टिक् थांबली.

सायकलवर मी इअरफोन घालत नाही. चाक बहुतेकदा आधी सांगतं, पण हळू आवाजात.