वऱ्हाडी ताट, बी-बारा आणि उतारवयातली स्मृती

सत्तरीतला माणूस तेच ते पुन्हा विचारू लागला, बाजाराचा हिशेब चुकवू लागला, अंधारात चालताना तोल जाऊ लागला, की आपल्याकडे घरचे लोक ते वयावर ढकलून मोकळे होतात. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मदतीला असतेच. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते थेट एमआरआय करून घेतात. मेंदू थोडा आक्रसला आहे असा अहवाल येतो आणि आता करण्यासारखं काही नाही, अशी मनाची समजूत घातली जाते. या दोन्ही वाटांवर एक साधी रक्ततपासणी राहून जाते. मेंदूविकारांवर उपचार करणारा डॉक्टर म्हणून माझं ठाम मत आहे, की अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात विसरू लागलेल्या प्रत्येक वृद्धाचं बी-बारा जीवनसत्त्व एमआरआयच्या आधी तपासलं गेलं पाहिजे. बी-बाराची गोळी घेतली म्हणजे स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा मी करत नाही. तसा पुरावा नाही. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमरसारख्या आजाराला मुळातून बरं करणारं औषध अजून नाही. अशा वेळी जे कारण ओळखता येतं आणि भरून काढता येतं, तेच सुटून जाणं मला सहन होत नाही.

आपल्या शरीरात बी-बाराची कामं दोनच आहेत, पण दोन्ही मज्जासंस्थेच्या मुळाशी जातात. पहिलं काम होमोसिस्टीन या पदार्थाचं मेथिओनिनमध्ये रूपांतर करण्याचं. त्यासाठी फोलेटही लागतं. हे रूपांतर अडलं की रक्तात होमोसिस्टीन साचतं, आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण टिकवायला जी रासायनिक सामग्री लागते तिचा पुरवठा आटतो. दुसरं काम मिथाइलमॅलोनिक आम्लाचा निचरा करण्याचं. ते बिघडलं की रक्तात या आम्लाचं प्रमाण वाढतं. म्हणून बी-बारा खरोखर कमी पडतं आहे का, हे या दोन पदार्थांवरून कळतं. होमोसिस्टीन आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासाने २००२ साली स्पष्ट केला. सरासरी ७६ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या १,०९२ लोकांकडे सुमारे आठ वर्षं लक्ष ठेवलं, त्यांतल्या १११ जणांना स्मृतिभ्रंश झाला, आणि ज्यांचं होमोसिस्टीन लिटरला १४ मायक्रोमोलच्या वर होतं त्यांना अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट निघाला.

आता महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा प्रश्न चिकाटीने लावून धरला. नॉर्वेच्या हेल्गा रेफसम यांच्यासोबतचा त्यांचा २००१ सालचा शोधनिबंध माझ्या दृष्टीने फार मोलाचा आहे. पुण्यातल्या २०४ स्त्री-पुरुषांपैकी ४७ टक्क्यांचं बी-बारा कमी होतं, आणि ७७ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५च्या वर होतं. पुढे २००६ साली ग्रामीण, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ६७ टक्क्यांचं बी-बारा कमी होतं आणि सर्वांत वाईट स्थिती मध्यमवर्गाची होती: ८१ टक्के. शाकाहारी माणसाला कमतरतेचा धोका ४.४ पट निघाला. फोलेटची टंचाई मात्र फारशी नव्हती. हे अभ्यास पुण्याचे आणि मुख्यतः मध्यम वयाचे. तरी वऱ्हाड याहून बरं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

आपलं ताटच पाहा. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, ठेचा. या जेवणात फोलेट आहे, तंतू आहेत, बऱ्यापैकी प्रथिनं आहेत, बी-बारा शून्य. कोणत्याही धान्यात, डाळीत, पालेभाजीत ते नसतंच. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला प्राण्यांकडून मिळतं. माळकरी घरात, आणि शेगावच्या वाटेवरच्या या मुलखात अशी घरं पुष्कळ आहेत, उरतं ते दूध-दही-ताक. शंभर मिलिलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम बी-बारा असतं आणि प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे २.४ आहे. म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त दूध हवं. चहापुरतं दूध घेणाऱ्या वृद्धाच्या वाट्याला त्याचा लहानसा भागच येतो. त्यात वयाची भर पडते: जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-बारा सुटं होत नाही, आणि खाल्लेलंही वाया जातं. याच कारणाने १९९८ साली अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने पन्नाशीपुढच्या सर्वांना, मांसाहारींनासुद्धा, बी-बाराचा मोठा भाग गोळीतून किंवा पोषणयुक्त अन्नातून घ्यायला सांगितलं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि 'ॲसिडिटी'साठी पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर शोषण आणखी घटतं. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत सव्वाचार वर्षांच्या मेटफॉर्मिनने बी-बाराची पातळी १९ टक्क्यांनी खाली आली होती, आणि ती माणसं दूध-मांस भरपूर खाणारी होती. 'आमचे आजोबा हेच खाऊन नव्वदीपर्यंत ताठ होते' हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. त्या आजोबांच्या दावणीला म्हैस होती, आणि त्यांच्या उशाशी या दोन गोळ्या नव्हत्या.

याहून वजनदार आक्षेप शास्त्रज्ञांचा आहे. २०१४ साली क्लार्क आणि सहकाऱ्यांनी अकरा चाचण्यांमधल्या सुमारे २२ हजार लोकांची माहिती एकत्र केली. ब जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरलं, पण बुद्धीच्या घसरणीवर परिणाम दिसला नाही. अल्झायमर झालेल्या रुग्णांना मोठे डोस देऊनही लाभ झाला नाही, हे अमेरिकेत २००८ साली दिसलं होतं. स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगणाऱ्या २०२४ सालच्या लॅन्सेट आयोगाच्या यादीतही बी-बारा नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण या चाचण्यांत कोण होतं? बहुतेक जण हृदयविकार किंवा पक्षाघात टाळण्यासाठी निवडलेले, पोटभर दूध-मांस खाणारे पाश्चात्त्य लोक. ज्याची टाकी भरलेली आहे त्याच्या टाकीत आणखी पाणी ओतून काही घडलं नाही, यावरून रिकाम्या टाकीबद्दल निष्कर्ष कसा काढायचा? ऑक्सफर्डमध्ये रेफसम आणि डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने २०१० साली सौम्य विस्मरण असलेल्या सत्तरीपुढच्या १६८ जणांवर दोन वर्षांची चाचणी केली. फोलिक ॲसिड, बी-बारा आणि बी-सहा घेणाऱ्यांचा मेंदू वर्षाला ०.७६ टक्के आक्रसला, इतरांचा १.०८ टक्के. ज्यांचं होमोसिस्टीन १३च्या वर होतं त्यांच्यात आक्रसण्याचा वेग ५३ टक्क्यांनी कमी झाला. पुण्याच्या बहुतेक माणसांचे आकडे याच गटात बसतात. चाचणी लहान आहे, हे खरं. शिवाय हा लाभ ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ मेदाम्लं पुरेशी होती त्यांच्यातच ठळक दिसला. आपली जवसाची चटणी इथं थोडी कामाची, पण जवसातल्या मेदाम्लाचा अगदी लहान भागच मेंदूला लागणाऱ्या रूपात बदलतो.

दुसरा आक्षेप असा, की 'कमी' ठरवणारी रेषा पाश्चात्त्य आहे, भारतीयांची पातळी निसर्गतःच खाली असेल. तसं असतं तर कमी पातळी असूनही पेशींचं काम सुरळीत चालायला हवं होतं. पुण्याच्या त्या २०४ जणांपैकी ७३ टक्क्यांचं मिथाइलमॅलोनिक आम्ल वाढलेलं होतं, म्हणजे पेशी उपाशी होत्या. खरं तर रेषा थोडी वर सरकावी अशीच चिन्हं आहेत: सॅन फ्रान्सिस्कोत सरासरी ७१ वर्षांच्या २३१ निरोगी लोकांवर झालेल्या २०२५ सालच्या अभ्यासात, बी-बारा 'नॉर्मल' असूनही ज्यांच्यात त्याचा शरीराला वापरता येणारा भाग कमी होता, त्यांच्या विचारांचा वेग मंद होता आणि मेंदूच्या पांढऱ्या भागात इजा जास्त होत्या.

'हिमोग्लोबिन तर चांगलं आहे, मग बी-बारा कसं कमी असेल,' हे उत्तरही पुरेसं नाही. १९८८ साली लिंडेनबॉम यांनी बी-बाराअभावी मज्जासंस्था बिघडलेल्या १४१ रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या ४० जणांना ॲनिमियाही नव्हता आणि लाल पेशीही मोठ्या झालेल्या नव्हत्या. इथं फोलिक ॲसिड फसवतं. त्याची गोष्ट आपल्या मुंबईत सुरू झाली: १९२८ साली आलेल्या डॉ. लुसी विल्स यांना गरोदर स्त्रियांच्या एका ॲनिमियावर यीस्टच्या अर्कातला जो अज्ञात घटक लागू पडताना दिसला, तो पुढे फोलेट निघाला. मोठं काम होतं ते. पण बी-बारा कमी असलेल्या वृद्धाला नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालूच राहते. रेशनच्या पोषणयुक्त तांदळात, ज्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली, फोलिक ॲसिडसोबत बी-बाराही घालायचं ठरलं हे चांगलंच झालं. पण किलोला साधारण एक मायक्रोग्रॅम म्हणजे पाव किलो तांदळात गरजेच्या दशांशाएवढंच, आणि आपली म्हातारी माणसं भाकर खातात.

आपल्याला जी निर्णायक चाचणी हवी, ती आपल्याकडे बहुधा होणारच नाही. बी-बारा कमी आहे हे ठाऊक असताना अर्ध्या लोकांना दोन वर्षं खोटी गोळी द्यायची, याला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही आणि देऊही नये. म्हणून अप्रत्यक्ष पुराव्यावर निर्णय घ्यावा लागतो, आणि चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नाही: विनाकारण दिलेली गोळी स्वस्त आणि निर्धोक आहे, तर वेळेत न दिलेल्या गोळीमुळे झालेली मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. फक्त क्रम पाळावा. 'ताकदीचं' म्हणून बी-बाराचं लाल इंजेक्शन आधी देऊन मग तपासणी केली तर आकडा फुगलेला दिसतो आणि निदान हुकतं. रक्त आधी घ्यावं. बी-बाराची पातळी मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उपचार लगेच, २०० ते ३००च्या दरम्यान असेल तर होमोसिस्टीन पाहावं. बहुतेकांना रोजची हजार मायक्रोग्रॅमची गोळी पुरते, कारण एवढ्या डोसातला सुमारे एक टक्का जठराच्या मदतीशिवायही शोषला जातो. हातापायांना मुंग्या, तोल जाणं किंवा ठळक विस्मरण असेल तर सुरुवात इंजेक्शनने करावी. तीन महिन्यांनी रक्त आणि स्मरणाची चाचणी पुन्हा करावी, आणि तोवर थायरॉइड, ऐकू येणं, रक्तदाब, झोपेच्या गोळ्या हेही तपासून घ्यावं.