तो, ती, तां : 'विराट'वरच्या आठवणींविषयी

मराठीत 'जहाज' नपुंसकलिंगी, 'होडी' स्त्रीलिंगी आणि 'मचवा' पुल्लिंगी. व्याकरणाच्या तासाला ही गंमत म्हणून सांगता येते. आमच्या घरात मात्र तिला बरेच गंभीर अर्थ होते. आमचे वडील १९८७ पासून १९९३ च्या अखेरीपर्यंत नौदलाच्या 'विराट' या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये कामाला होते. सोबत्यांशी ते हिंदीत बोलत तेव्हा 'विराट' पुरुष असे. नौदलाच्या इंग्रजीत ती बाई होती, आणि शेवटच्या वर्षांत तर वर्तमानपत्रेही तिला 'ग्रँड ओल्ड लेडी' म्हणू लागली होती. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या मालवणीत तेच जहाज 'तां' होई. आईने मात्र व्याकरण बाजूला ठेवून निर्णय दिलेला होता. "तुमच्या बापाशीची पयली ती, मी दुसरी," असे ती म्हणे, आणि हे हसत म्हणे असे नाही.

आम्ही तिघे भावंडे. आमच्यातली थोरली जन्मली तेव्हा बाबा प्लिमथला होते. ब्रिटिश नौदलाचे 'हर्मीस' भारताने १९८६ मध्ये विकत घेतले, तिकडेच त्याची डागडुजी झाली आणि १२ मे १९८७ रोजी ते 'विराट' झाले. जहाज मुंबईला आले त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. लेकीचे तोंड बाबांनी त्यानंतर पाहिले. पुढे १९८२ च्या फॉकलंड युद्धात हेच जहाज ब्रिटिश आरमाराचे प्रमुख जहाज होते असे शाळेत कळले, तेव्हा आम्हांला अभिमान वाटण्याऐवजी एक प्रकारचे दडपण आले. इतक्या मोठ्या वस्तूशी भांडायचे कसे?

बाबा घरी जहाजाविषयी बोलत नसत. ते बोलू लागले २०१७ नंतर, म्हणजे ६ मार्च २०१७ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत सूर्यास्ताला 'विराट'वरचा ध्वज उतरवला गेला त्यानंतर. त्या समारंभाला जुने कर्मचारी जमले होते. ब्रिटनहून 'हर्मीस'वरचे काही निवृत्त नाविकही आले होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्याशी बाबांची गाठ पडली. तोही बॉयलरवरचाच. बाबांचे इंग्रजी कामापुरते, त्याचे उच्चार बाबांना कळेनात. तेव्हा दोघांनी हातांनी बोलायला सुरुवात केली : अमुक झडप कुठे होती, ती किती घट्ट बसायची, चाक फिरवायला खांदा कसा लावावा लागे. धाकट्याने हे दुरून पाहिले. बाबांना इतक्या मोकळेपणी कुणाशी 'बोलताना' आपण पूर्वी कधी पाहिले नव्हते, असे त्याने घरी येऊन सांगितले.

पुढे बाबांच्या मेसमधले सहा-सात जण नियमित भेटू लागले : कोणी रत्नागिरीचे, कोणी कारवारचे, एक बिहारचे पण आता बदलापूरला स्थायिक झालेले. या भेटींना आम्हीही आळीपाळीने जाऊ लागलो. आमच्यापैकी एक महाविद्यालयात मराठी शिकवते; तिने सोबत वही ठेवली. ती भरत गेली तसे आमच्या ध्यानात आले की आम्ही ज्याची वाट पाहत होतो ते त्यात येतच नव्हते. लढाई नव्हती, वादळ जवळजवळ नव्हते. समुद्रसुद्धा क्वचित. बॉयलर रूममध्ये काम करणाऱ्याला समुद्र दिसत नाही, हे साधे सत्य आम्हांला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. बाबांनी सी हॅरियर विमान डेकवरून उडताना पाहिले ते मोजक्या वेळा. खाली त्यांना त्याचा फक्त आवाज यायचा. पुढे प्रत्यक्षापेक्षा दूरदर्शनवरच अधिक पाहिले, असे ते निर्विकारपणे सांगतात.

मग त्यांना आठवते काय? उष्णता. पाणी. वाफेच्या जहाजात समुद्राचे पाणी शुद्ध करून गोडे पाणी तयार होते, आणि त्यावर पहिला हक्क बॉयलरचा असतो. माणसाची अंघोळ नंतर. बाबा आजही अर्ध्या बादलीत अंघोळ उरकतात, आणि घरात कोणी नळ सुरू ठेवून दात घासू लागले की त्यांचा चेहरा बदलतो. चार तास वॉच आणि मग विश्रांती हे चक्र त्यांच्या शरीराने सोडलेले नाही : पहाटे पावणेचारला ते उठून बसतात, इकडेतिकडे पाहतात, पुन्हा आडवे होतात. "खरी वाफ दिसना नाय. दिसता तां पाणी," हे त्यांचे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर आहे. पांढरी दिसते ती थंड होऊन थेंब झालेली वाफ. भाजते ती न दिसणारी. प्राध्यापक बहिणीला या वाक्याचा वर्गात उपयोग करण्याचा मोह अनेकदा झाला. तिने तो आवरला हे बरे केले. ते वाक्य रूपक नाही, सुरक्षेची सूचना आहे.

सप्टेंबर १९९३ मध्ये 'विराट'च्या इंजिन रूममध्ये पाणी शिरले आणि जहाज काही महिने बंद राहिले. बाबा तेव्हा जहाजावर होते. त्याविषयी विचारले की ते "पाणी इला हुता" एवढेच म्हणतात, आणि उरलेले मेसबंधूही खिडकीबाहेर पाहू लागतात. वहीचे ते पान कोरे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक प्रश्न मांडावासा वाटतो. मराठीतली सर्वांत गाजलेली जहाजावरची कादंबरी म्हणजे विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९). युरोपातून निघालेली ती बोट, तिच्यावरचे निर्वासित, ते प्रेम, हे सारे वरच्या डेकवर घडते. वाचक प्रवाशाच्या नजरेने पाहतो. त्या कादंबरीत हे उणे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण बोट चालवणारी माणसे खाली असतात, आणि मराठी गद्य त्या शिडीने फारसे खाली उतरलेले नाही. कदाचित भाषेचीच अडचण असेल. शीड, नाळ, डोलकाठी, सुकाणू, तांडेल हा आपला समृद्ध शब्दसंग्रह लाकडी गलबताचा. पोलादी जहाजाच्या पोटातले जगणे बाबांच्या तोंडी येते ते 'मेसडेक', 'बंक', 'पाइप झाला', 'लिबर्टी मिळाली' अशा मिश्र बोलीत, जिच्यात क्रियापदे हिंदी असतात आणि शिव्या मालवणी. त्यांचे मराठीकरण करून पाहिले, तेव्हा बाबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ह्या जहाजावर मी नव्हतो."

निवृत्तीच्या वेळी नौदलाने दिलेले आकडे असे : भारतीय ध्वजाखाली समुद्रावर २,२५२ दिवस, सुमारे ५ लाख ८८ हजार नॉटिकल मैल. म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ पाण्यावर. त्यातले बाबांच्या वाट्याचे दिवस किती, हा हिशेब आम्ही मांडून पाहिला. तो जुळला नाही. सफरींच्या तारखा बाबांच्या स्मरणात, रजेच्या आईच्या, आणि दोन्ही बाजू माघार घ्यायला तयार नाहीत.

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'विराट' सिंधुदुर्गात निवतीजवळ आणून त्याचे संग्रहालय करण्यास मंजुरी दिली. निवती आमच्यापासून जवळच. बातमी वाचून दाखवल्यावर बाबा काही बोलले नाहीत, आई म्हणाली, "आता ती हयसर येवन रवतली?" आणि मग, थोड्या वेळाने, "येवंदे. बघया तरी कशी आसा ती." इतक्या वर्षांत आईने जहाज आतून पाहिलेलेच नव्हते.

ते आले नाही. १९ सप्टेंबर २०२० रोजी टगबोटीने ओढत ते मुंबईहून निघाले आणि २८ तारखेला अलंगच्या किनाऱ्यावर चढवले गेले. पुढच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तोडकाम थांबवले. पण एप्रिलपर्यंत बराच भाग तुटून गेल्याने तो मार्गही संपला. आधीच्या 'विक्रांत'चे पोलाद मोटारसायकलच्या टाकीत गेले, तसे काही याचेही होईल का, असे धाकट्याने विचारले. बाबा म्हणाले की जहाज अलंगला संपले हे लोकांचे मत. त्यांच्या मते ते जुलै २०१६ मध्ये संपले. स्वतःच्या वाफेवर ते शेवटचे गेले ते मुंबईहून कोचीला; ऑक्टोबरमध्ये परत आणले ते ओढून. "बॉयलर इझले. मगे काय रवला?"

गेल्या भेटीत मेसबंधूंचा एक वाद झाला. बॉयलर रूममधून वर येणाऱ्या शिडीला पायऱ्या किती? बाबा एकतीस म्हणाले. कारवारचे काका तेहतीसवर ठाम होते. बदलापूरच्यांनी डोळे मिटून, पाय जागच्या जागी उचलत, सावकाश मोजायला सुरुवात केली आणि अठ्ठाविसाव्या पायरीवर ते थांबले, कारण तिथे डोके खाली घ्यावे लागे. सगळ्यांनी ते लगेच मान्य केले. आकडा अजून ठरलेला नाही.