सर्व्हर रोज सीडी मागत होता



तुमच्या शाळेतल्या संगणक कक्षात रोज सकाळी पडद्यावर एखादी सूचना येते का? आणि ती न वाचताच आपण बंद करतो, असं होतं का? आमच्याकडे काही महिने तसंच चाललं होतं. त्याची ही गोष्ट. थोडी तांत्रिक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. कारण यात मशीनची चूक कमी आणि माझी जास्त होती.

२०१४ साल. आमच्या संगणक कक्षात एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले दहा पडदे होते. प्रत्येक पडद्यामागे वेगळा संगणक नव्हता. फक्त एक लहान डबी, कीबोर्ड आणि माऊस. सगळं काम तो एकटा सर्व्हर करायचा. त्यावर विंडोज सर्व्हर २००३ होतं. कक्षाची जबाबदारी माझ्याकडे होती. संगणकाचं शिक्षण म्हणाल तर एक छोटा कोर्स आणि बाकी सगळं विचारून-विचारून.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सर्व्हर चालू केला की एक खिडकी उघडायला लागली. इंग्रजी मजकुराचा अर्थ साधारण असा, की विंडोजला लागणाऱ्या काही फाइलींच्या जागी ओळखीच्या नसलेल्या फाइली आल्या आहेत, मूळ फाइली परत बसवायच्या आहेत, तेव्हा विंडोज सर्व्हर २००३ ची सीडी घाला. खाली तीन बटणं. त्यातलं मला एकच दिसायचं, कॅन्सल. ते दाबलं की पुन्हा एक खिडकी यायची, नक्की ना? नक्की! आणि काम सुरू.

पहिले काही दिवस मी स्वतः कॅन्सल करत होते. नंतर परिपाठाच्या गडबडीत वेळ मिळेना, म्हणून सातवीतल्या एका हुशार मुलाला ते काम देऊन टाकलं. तो इतका पटाईत झाला की खिडकी पूर्ण उघडायच्या आत बंद करायचा. मी त्याचं कौतुकही केलं. आज ते आठवलं की लाज वाटते. सूचना न वाचता बंद करायला मी एका मुलाला शिकवलं होतं.

आता दुसरी बाजू. चौथीचा संगणकाचा तास गुरुवारी असायचा. मुलं स्वतःचं नाव मराठीत टाइप करायला शिकत होती. एका मुलीच्या नावात ‘ज्ञ’ आहे. एका गुरुवारी ती म्हणाली, “मॅडम, माझं नाव तुटलंय.” मी जाऊन पाहिलं. पडद्यावर पाय मोडका ‘ज’ आणि त्याच्या शेजारी सुटा ‘ञ’. मी म्हणाले, “मशीन जुनं आहे गं, तू टाइप बरोबर केलंयस. बस.” पुढच्या गुरुवारी तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी तिनं विचारलं तेव्हा माझा आवाज जरा चढला, “किती वेळा सांगू?”

त्यानंतर तिनं विचारलं नाही. मला वाटलं, समजलं असेल.

फेब्रुवारीत मुलांची नावं छापून वर्गाच्या भिंतीवर लावायची ठरली. प्रत्येकानं स्वतःचं नाव स्वतः टाइप करायचं. छापून आल्यावर कागद मोजले तर एक नाव ओळखूच येईना. दोन सुटी अक्षरं, ना काना, ना मात्रा. हे तिचं घरी हाक मारायचं नाव होतं. मी विचारलं, “हे का लिहिलंस? हजेरीत तर वेगळं आहे.” ती म्हणाली, “मॅडम, हे नाव तुटत नाही.”

पालकहो, त्या दिवशी घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. मशीनला जमत नाही म्हणून पोरीनं स्वतःचं नाव सोडून दिलं होतं. आणि तिनं मला तीन वेळा विचारलं होतं.

त्याच आठवड्यात आमच्या केंद्रातल्या एका तंत्रस्नेही सरांना मी विनंती केली. ते शनिवारी शाळा सुटल्यावर आले. सर्व्हर चालू केला, खिडकी उघडली, माझा हात सवयीनं माऊसकडे गेला. सर म्हणाले, “थांबा मॅडम. तो काय मागतोय ते कधी वाचलंत का?”

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

आपल्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. एखाद्या मुलाच्या दाखल्यावर कोणी जन्मतारीख खोडून दुसरी लिहिली, तर आपण काय करतो? कपाटातून जनरल रजिस्टर काढतो, मूळ नोंद बघतो आणि दाखला दुरुस्त करतो. विंडोजमध्येही असा एक राखणदार असतो. त्याचं नाव विंडोज फाइल प्रोटेक्शन. महत्त्वाची फाइल कोणी बदलली की तो आधी स्वतःच्या कपाटात बघतो. हे कपाट म्हणजे विंडोजच्या सिस्टम३२ मधलं डीएलएलकॅश नावाचं लपवलेलं फोल्डर. तिथे चांगली प्रत मिळाली तर तो गुपचूप बदलून टाकतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. तिथे मिळाली नाही तर ज्या जागेवरून विंडोज बसवलं होतं, ती जागा शोधतो. तिथेही नसेल तेव्हाच तो आपल्याकडे सीडी मागतो. म्हणजे तो हट्ट करत नव्हता. त्याच्याकडे मूळ प्रत नव्हती, एवढंच तो सांगत होता.

सरांनी इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टमच्या नोंदी काढल्या. विंडोज फाइल प्रोटेक्शनच्या नावानं ओळीनं नोंदी होत्या आणि प्रत्येकीत एकाच फाइलचं नाव, यूएसपी१०.डीएलएल. ते वाचून सर हसले. म्हणाले, “मॅडम, देवनागरीची जोडाक्षरं जोडायचं काम ही फाइल करते.”

मी सुन्न झाले. सर्व्हर रोज सकाळी जे मागत होता आणि ती मुलगी दर गुरुवारी जे विचारत होती, ते एकच होतं!

ही फाइल बदलली कोणी? दिवाळीच्या आधी एक जुनी टायपिंगची सीडी कोणीतरी शाळेला भेट दिली होती. मी ती हौसेनं बसवली. त्या सॉफ्टवेअरनं स्वतःसोबतची जुनीपुराणी यूएसपी१० नव्या फाइलच्या जागी ठेवली. तिला जोडाक्षरं जोडता येत नव्हती. आणि कपाटातली चांगली प्रत कुठे गेली? तीही मीच घालवली. सी ड्राइव्ह भरला होता, मुलांना दाखवायचे व्हिडिओ बसेनात, म्हणून अनोळखी दिसलेली दोन-तीन फोल्डर मी रिकामी केली. त्यात डीएलएलकॅश होतं आणि सर्व्हिसपॅकफाइल्सही होतं.

मी म्हणाले, “मग घालूया की सीडी. मुख्याध्यापक सरांच्या कपाटात आहे.” सीडी आणली, घातली. सर्व्हरनं उत्तर दिलं, ही सीडी चुकीची आहे. आता आली का पंचाईत? सीडी तर खरी होती, सर्व्हरसोबतच आलेली.

सरांनी तेही उलगडून सांगितलं. आमची सीडी मूळ २००३ च्या आवृत्तीची. सर्व्हरवर मात्र नंतर सर्व्हिस पॅक २ बसवला होता, जो २००७ साली आला. त्यानं फाइली नव्या केल्या. राखणदाराला आता नव्या आवृत्तीची मूळ प्रत हवी होती आणि आपण त्याच्या हातात जुनी देत होतो. ती तो कशी घेईल?

मग दुरुस्ती केली ती अशी. ज्यांच्याकडे अजून असं जुनं मशीन आहे त्यांच्यासाठी क्रमानं देते.

१) मुलांची सगळी कामं आधी पेन ड्राइव्हवर घेतली. हे पहिलं, बाकी सगळं नंतर.

२) हार्ड डिस्क तपासली. डिस्क खराब झाली तरी फाइली बिघडतात आणि हीच खिडकी येते. आमची डिस्क ठीक निघाली. व्हायरसची तपासणीही करून घेतली.

३) ते जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. नाहीतर त्यानं पुन्हा तेच केलं असतं.

४) सीडीवरचं आय३८६ नावाचं फोल्डर सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर एका नव्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि सर्व्हिस पॅक २ ची फाइल वापरून त्यातच नव्या फाइली मिसळल्या. त्यासाठी ‘इंटिग्रेट’ असा पर्याय असतो. म्हणजे मूळ प्रतच सर्व्हरच्या आवृत्तीची झाली.

५) रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवली आणि त्यातल्या सेटअपच्या नोंदीत ‘सोर्सपाथ’ आणि ‘सर्व्हिसपॅकसोर्सपाथ’ या दोन ठिकाणी नवा पत्ता लिहिला. इथे बरेच जण चुकतात. पत्ता आय३८६ चा द्यायचा नाही, आय३८६ ज्याच्या आत आहे त्या फोल्डरचा द्यायचा. घर सांगायचं, खोली तो शोधतो.

६) सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. मग कमांडच्या काळ्या खिडकीत एसएफसी लिहून पुढे स्कॅननाऊचा पर्याय दिला. पट्टी हळूहळू पुढे सरकत गेली. या वेळी त्यानं काहीच मागितलं नाही.

७) पूर्वी कोणीतरी दर वेळी चालू होताना तपासणी करायची सेटिंग करून ठेवली होती, म्हणून ती खिडकी रोज यायची. सर्व्हर ठीक झाल्यावर ‘रिव्हर्ट’ देऊन ती नेहमीसारखी केली. लक्षात घ्या, सरांनी हे शेवटी केलं. आधी केलं असतं तर खिडकी गेली असती आणि दुखणं तसंच राहिलं असतं.

विंडोज सर्व्हर २००३ चा अधिकृत आधार १४ जुलै २०१५ ला संपला. त्यामुळे तो इंटरनेटला जोडून वापरणं आता धोक्याचं आहे. नव्या विंडोजमध्ये मूळ प्रती संगणकातच वेगळ्या ठेवलेल्या असतात, अशी सीडी तो सहसा मागत नाही. पण सूचना येतातच, आणि त्या बंद करणारे आपणही तेच आहोत.

सोमवारी मी त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, “बस, तुझं नाव लिही.” तिनं घरचं नाव लिहायला सुरुवात केली. मी म्हटलं, “ते नाही. हजेरीतलं.” तिनं माझ्याकडे पाहिलं, मग एकेक कळ शोधत टाइप केलं. ज, हलन्त, ञ. आणि पडद्यावर ‘ज्ञ’ उमटला, अखंड. ती काही बोलली नाही. नाव पुसून तिनं पुन्हा लिहिलं, तपासून बघायला. मी तिला सांगितलं, “तू बरोबर विचारत होतीस. मीच नीट बघितलं नाही.”

भिंतीवरचा तिचा कागद बदलला. सातवीतल्या त्या मुलालाही नवं काम दिलं. आता कोणतीही सूचना आली की तो ती वहीत उतरवून घेतो, तारखेसह, आणि मला दाखवल्याशिवाय बंद करत नाही. इंग्रजी अडलं तर डिक्शनरी बघतो. ती वही अजून कक्षात आहे.

एक गोष्ट मी वर्गातही बदलली. एखादं मूल तेच ते तिसऱ्यांदा विचारतं तेव्हा मी स्वतःला थांबवते. वजाबाकीत हातचा कुठून आला, हे पोरगं पुन्हा विचारतंय, तर त्याच्याकडे दशकाची मूळ कल्पनाच नसेल. मी फळ्यावर तीच रीत पुन्हा लिहिते, म्हणजे तीच जुनी सीडी पुन्हा घालते. तेव्हा काड्यांचे गठ्ठे काढायचे, एक गठ्ठा सोडून दाखवायचा. दर वेळी जमतं असं नाही. चाळीस मुलं आहेत, आवाज चढतोही. पण पालकहो, घरी मूल तेच पुन्हा विचारायला लागलं, तर एवढं करून बघा, उत्तर देण्याआधी ते काय मागतंय ते एकदा पूर्ण ऐका. आणि विचारणं अचानक थांबलं, तर समजलं असेल असं धरून चालू नका. माझं तिथेच चुकलं होतं.