चिंचपाड्याचा मिशन दवाखाना

भुसावळहून सुरतेकडे पॅसेंजर गाडीने निघालात, तर नंदुरबार मागे पडल्यावर खिडकीबाहेरचा मुलूख बदलू लागतो. काळी सपाट राने संपतात, टेकड्या जवळ येतात. उतारावर साग, खोलगटीत भाताची खाचरे, बांधावर मोहाचे एखादे जुने झाड, आणि एकमेकांपासून दूर दूर बांधलेली कुडाच्या भिंतींची घरे. नवापूर यायच्या आधी चिंचपाडा हे लहानसे स्टेशन लागते. रस्त्याने यायचे असेल तर धुळ्याहून साक्री, दहिवेल करीत कोंडाईबारीचा घाट उतरावा आणि विसरवाडीवरून यावे. पावसाळ्यात घाटात घाई करू नये, एवढे मात्र सांगून ठेवतो.

नवापूरचे नाव तुमच्या कानावर आहेच. तिथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. स्टेशनही मजेचे, अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. आणि कोंबड्या पाळणारा कोणी २००६ साल विसरणार नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू त्या फेब्रुवारीत इथेच सापडला आणि लाखो पक्षी मारून पुरावे लागले. पण आज मी तुम्हाला घेऊन जातो आहे ते दवाखान्यात.

चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा आहे. मिशनऱ्यांनी तो काढला, आणि ते गेल्यावर इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेने चालवायला घेतला. मोठी इमारत डोळ्यांसमोर आणू नका. बैठे वॉर्ड, ओटीबाहेर बाकडी, झाडाखाली चुली मांडून बसलेले नातेवाईक. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी सगळे कर्मचारी मिळून प्रार्थना करतात, मग तपासणी सुरू. येणारे बहुतेक भिल्ल, मावची, कोकणी आदिवासी. कोणाचा देव कोणता, हे केसपेपरावर विचारत नाहीत.

आमच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याची मुलगी एमबीबीएसला असताना इथे काही आठवडे शिकायला राहिली. घर नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती, सहा एकर जमीन, त्यातला निम्मा कांदा. मुलगी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकते. ते कॉलेजही ऐकण्यासारखे आहे. आयडा स्कडर या बाईने १९०० साली एका खाटेवर दवाखाना मांडला. एकाच रात्री तीन बाळंतिणी पुरुष डॉक्टर नको म्हणून उपचारावाचून मेल्या, हे तिने पाहिले होते. त्यातून १९१८ साली बायकांसाठी वैद्यकीय शाळा निघाली, आणि मुलांना १९४७ पासून प्रवेश मिळू लागला. चर्चच्या शिफारशीने प्रवेश घेतलेल्यांनी शिक्षण संपल्यावर दोन वर्षे अशा आडगावच्या दवाखान्यात काम करायचे, असा करार असतो. शिकत असतानाही त्यांना तिथले काम दाखवून आणतात.

वडिलांच्या मनात काही वेगळेच होते. पोरीने लगेच पुढची डिग्री घ्यावी आणि तालुक्याला स्वतःचे हॉस्पिटल टाकावे. जागासुद्धा पाहून ठेवली होती. कराराचे पैसे भरून सुटका होते का, याची चौकशीही त्यांनी गुपचूप केली होती. त्यांना हसू नका. सहा एकरांवर मुलगी डॉक्टर करणाऱ्या माणसाचा हिशेब तसाच असतो.

मुलगी गेली ती ऐन पावसात. पहिली अडचण भाषेची. तिची नगरी मराठी ऐकून म्हाताऱ्या बायका नुसत्या हसत. वॉर्डातली एक मावशी मावचीतून मराठीत करून सांगे, तेव्हा कुठे दुखणे कळे. पोटदुखी म्हणून आलेल्या पोरींत सिकलसेल निघे. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. दोघेही नुसते वाहक असले, तरी प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः धडधाकट दिसतो, म्हणून तर लग्नाआधी रक्त तपासायचे. सरकारनेही २०२३ पासून त्यासाठी देशभर मोहीम घेतली आहे. पत्रिकेबरोबर हा कागदही पाहिला तर काय बिघडले?

क्षयाचे पेशंट तर कायमचे. गोळ्या सहा महिने घ्यायच्या, आणि इकडची माणसे दिवाळी झाली की कोयता घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जातात. फडावर गोळ्या कोण देणार? मुलीने वहीत लिहून ठेवले होते, औषध लिहिण्याआधी पेशंट कोणत्या महिन्यात कुठे असेल ते विचारावे. पुस्तकात हे नसते म्हणे.

पण तिला जे कायमचे लक्षात राहिले, ते मण्यारीचे. हे जरा सविस्तर सांगतो, कारण मण्यार तुमच्या आमच्याही शिवारात आहे. काळी, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याची खूण दिसेलच असे नाही, सूज नाही, फारसे दुखतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो.

असाच एक तरुण शेतकरी सकाळी दोघांनी मोटारसायकलवर मधे बसवून आणला. रात्री तीनला पोटात दुखू लागले, घरच्यांना वाटले खाण्यातले असेल. मग भगताकडे नेले, तिथे दोन तास गेले. दवाखान्यात आला तेव्हा डोळे उघडत नव्हते आणि छाती जेमतेम हलत होती. डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी घातली, सलाइनमधून सापावरचे औषध सुरू केले. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनते. त्यासाठी लागणारे विष तमिळनाडूतले इरुळा आदिवासी साप पकडून काढतात आणि साप पुन्हा सोडून देतात. १९७८ पासून त्यांची सहकारी संस्थाच आहे. मात्र रक्तात फिरणारे विष या औषधाने मारले, तरी मज्जातंतूंना आधीच बसलेला दणका ते परत घेत नाही. तो भरून येईपर्यंत माणसाला श्वास दुसऱ्याने द्यावा लागतो.

श्वासाचे यंत्र त्या दिवशी दुसऱ्या पेशंटवर होते. मग रबराची हातपिशवी. मिनिटाला बारा ते पंधरा वेळा दाबायची, थांबायचे नाही. भाऊ, मेव्हणा, वॉर्डबॉय आणि ही मुलगी, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या. दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवसही गेला. बायको पायथ्याशी बसून होती. तो मेला आहे आणि डॉक्टर उगीच वारा भरताहेत, असे गावाकडून आलेले दोघेतिघे उघड म्हणू लागले. मुलगी सांगते, मध्यरात्रीनंतर तिलाही खात्री राहिली नव्हती. नाडी लागत होती, तेवढ्यावर ती दाबत राहिली. दुसऱ्या संध्याकाळी त्याचे बोट हलले.

नळी निघाल्यावर त्याने पहिली गोष्ट काय विचारली असेल? मण्यारीने शरीर लुळे पडले तरी शुद्ध राहते. त्याने सगळे ऐकले होते. माझ्या बैलांचा सौदा कोणी ठरवत होते, एवढेच त्याने घोगऱ्या आवाजात विचारले. मेव्हणा दोन दिवस वॉर्डात फिरकला नाही.

तर पावसाळ्यात खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचून घ्या. साप चावल्याची नुसती शंका आली, तरी कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्या. सरकारी दवाखान्यातही हे औषध मिळते. पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या तर भगत नको, गाडी पाहा.

दिवाळीत वडील तिला घेऊन स्वतः चिंचपाड्याला जाऊन आले. डॉक्टरांशी बोलून करारातून वाट काढावी, हा बेत असावा. डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकले होते, म्हणून ते शेजारच्या शेतात गेले. भात कापणीला आला होता, बांधावर तूर फुलली होती. त्यांनी माती हातात घेऊन पाहिली, मालकाला पाणी किती हातांवर लागते ते विचारले, एकरी उतारा विचारला. परतताना नवापूरच्या बाजारातून पाच किलो डाळ घेतली. कराराचा विषय त्यांनी काढला नाही, तिनेही नाही. मात्र कर्मचाऱ्यांच्या खोल्यांत खाटा आहेत का, हे त्यांनी निघताना विचारून घेतले.