गाढीकाठचा फ्रान्सिस

पनवेल स्टेशनवरून करंजाडेला जाणारी रिक्षा जुन्या शहराला वळसा घालून गाढी नदीचा पूल ओलांडते. अलीकडे राहतं ते जुनं पनवेल. १८५२ सालची नगरपालिका, खाडीतून येणाऱ्या गलबतांचं बंदर, आणि १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यावर पुण्याकडे जाणाऱ्या मालाचं नाकं, अशी त्याची ओळख. पूल संपला की सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, आखणी सुरू होते. सरळ रस्ते, सेक्टरचे आकडे, तळमजल्यावर किराणा, मेडिकल आणि इस्टेट एजंट, वर गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. अधूनमधून आकाशात विमान दिसतं. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली.

अशा ठिकाणी मी असिसीच्या संत फ्रान्सिसचा विचार मनात धरून आलो होतो. ३ ऑक्टोबर १२२६ ला तो गेला, म्हणजे २०२६ हे त्याच्या मृत्यूचं आठशेवं वर्ष. जगभर त्याचं स्मरण होईल, चर्चमध्ये प्रार्थना होतील. मला मात्र एक साधी गोष्ट पाहायची होती. वस्त्रं उतरवून बापाच्या हाती देणाऱ्या या माणसाची मूल्यं, म्हणजे साधेपणा, टाकलेल्यांची सेवा, नदी-पाखरांशी नातं आणि शत्रूशीही संवाद, ही मूल्यं हप्ते भरून फ्लॅट घेतलेल्या माणसाला जगता येतात का? ते पाहायला असिसीपेक्षा करंजाडे बरं, असं वाटलं.

फ्रान्सिसचा बाप पिएत्रो बर्नार्दोने हा कापडाचा मोठा व्यापारी. मुलगा चैनी, दिलदार, शूर योद्धा व्हायची स्वप्नं पाहणारा. शेजारच्या पेरुजा शहराशी झालेल्या लढाईत तो पकडला गेला, जवळजवळ वर्षभर कैदेत राहिला, आजारी होऊन परतला. मग वाटेत त्याला एक कुष्ठरोगी भेटला. आजवर ज्यांच्या वासानेही तो तोंड फिरवायचा, त्यांच्यातल्याच एकाला त्याने जवळ घेतलं. मरणाआधी सांगून ठेवलेल्या मृत्युपत्रात त्याने आपल्या पालटाची सुरुवात तिथूनच धरली आहे, चर्चमधून किंवा ग्रंथातून नाही. पुढे १२०९ मध्ये पोप तिसरा इनोसंट याने त्याच्या बंधुसंघाला तोंडी मान्यता दिली.

पण त्याच्यामागे निघालेल्यांत बायकामुलं असलेले, दुकान-शेती सांभाळणारे लोकही होते. सगळ्यांनी घर सोडावं असं त्याने सांगितलं नाही. अशा संसारी माणसांसाठी १२२१ मध्ये एक आचारपद्धती लिहिली गेली: साधं नेसावं, कर्ज आणि अन्यायाने मिळवलेलं परत करावं, भांडणं मिटवावीत, शस्त्र धरू नये. फ्रान्सिस्कनांचा हा ‘तिसरा संघ’. त्याची आजची नियमावली १९७८ ची आहे. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. वारकरी पंथानेही संसारी माणसालाच माळ घातली, त्याला रानात पाठवलं नाही.

करंजाडेत उभं राहिलं की पहिला प्रश्न जमिनीचा येतो. सिडकोची स्थापना १९७० सालची. तेव्हा पनवेल, उरण आणि ठाण्याच्या गावांत भातशेती होती, मिठागरं होती, खारं पाणी अडवणारे बांध होते, खाडीवर जगणारे आगरी-कोळी होते. जमिनी गेल्या, मोबदला तुटपुंजा मिळाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघरला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे जीव गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. इथले रिक्षावालेसुद्धा ‘साडेबारा टक्के’ हा शब्द गावाच्या नावासारखा वापरतात. विमानतळासाठी हा वाटा साडेबावीस टक्के झाला. दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचं पात्र वळवलं गेलं. उठलेल्या गावांतल्या अनेकांची नवी घरं वडघर-करंजाडेच्या अंगाला आहेत.

म्हणजे इथल्या नव्या रहिवाशाचा फ्लॅट आणि कोणाचं तरी गेलेलं शेत एकमेकांना चिकटून आहेत. यात रहिवाशाचा गुन्हा नाही. त्यालाही मुंबईने बाहेर ढकललंय. पण आपण कोणाच्या शेतावर राहतो हे ठाऊक असणं, त्या माणसांशी ‘गाववाले’ म्हणून अंतर न ठेवणं, ही फ्रान्सिसच्या वाटेची पहिली पायरी म्हणता येईल. त्याने आपल्या बांधवांना सगळ्यांच्या खालची जागा घ्यायला सांगितली होती.

नंतर मी गाढीच्या उगमाच्या दिशेने निघालो. माथेरानच्या डोंगरउतारांवरून ही नदी येते. पनवेलजवळ तिच्यात सांडपाणी मिसळतं, काठावर भराव पडतात, आणि २६ जुलै २००५ ला तिने शहरात शिरून आपली जागा मागितली होती. वर जावं तशी ती निवळत जाते. शेतं दिसू लागतात, डोंगर जवळ येतात. याच खोऱ्यात नेरे गावाजवळ शांतिवन आहे.

शांतिवन ही कुष्ठरोग निवारण समितीची वसाहत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, कुष्ठरोग्याला गावाबाहेर हाकलणं हीच रीत असताना, गांधीविचाराच्या माणसांनी इथे काम सुरू केलं. रुग्णांवर उपचार करायचे, शेती आणि हातकाम देऊन त्यांना उभं करायचं, हा मूळ हेतू. पुढे त्याच परिसरात वृद्धांसाठी निवास आला, आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा आली, निसर्गोपचार केंद्र आलं. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटली की कुष्ठरोगासाठी ओळखल्या जाणाऱ्या जागेत बाकीचे लोक आपणहून राहायला आले. ज्या आवारापासून लोक दूर पळायचे, तिथे मुलं शिकतात आणि म्हातारी माणसं निवांत दिवस काढतात.

या रोगाचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्ये शोधला. बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात भारतात आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. मनातला रोग मात्र चिवट. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण ठरवणारी कलमं आपल्या विवाह कायद्यांतून निघाली ती थेट २०१९ मध्ये. महाराष्ट्राला फ्रान्सिसची कुष्ठरोग्याशी झालेली ती भेट परकी नाही. हिंगणघाटच्या जमीनदार घरातले बाबा आमटे गटारीजवळ पडलेल्या कुष्ठरोगी तुळशीरामला पाहून आधी घाबरून पळाले, आणि त्या भीतीची लाज वाटून परत फिरले. कुष्ठरोग्यांसाठीचं आनंदवन त्यातून उभं राहिलं. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धुवायचे. असिसीचा तरुण, वरोऱ्यातले वकील आमटे आणि नेऱ्यातले कार्यकर्ते यांच्यात एक धागा आहे: आधी भीती वाटली, पण त्यांनी भीतीला शेवटचा शब्द बोलू दिला नाही.

नेऱ्याहून परत फिरून पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या महामार्गाला लागलो. डावी-उजवीकडे गोदामं, मग शिरढोण. पुढे झाडी दाट होते आणि कर्नाळ्याचा सुळका वर येतो. याच्या पायथ्याचं पक्षी अभयारण्य १९६८ सालचं. पक्ष्यांना उपदेश करणाऱ्या संताची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. आयुष्याच्या शेवटी, डोळे जवळपास गेलेले असताना, त्याने सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणत स्तोत्र रचलं हे तितकं ठाऊक नसतं. झाडावेलींना नातलग मानणाऱ्या तुकोबांच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज इथे झाडीत शिरला की विरतो आणि पक्ष्यांचे आवाज वेगळे काढता येतात.

कर्नाळा किल्ला दुसरीच आठवण देतो. १५४० मध्ये निजामशाहीविरुद्ध गुजरातच्या सुलतानाच्या बाजूने पोर्तुगीज इथे लढायला आले होते, वसईतल्या आपल्या ठाण्याच्या बळावर. त्याच पोर्तुगीजांबरोबर फ्रान्सिस्कन साधूही या किनाऱ्यावर आले. आणि इथे खरं बोललं पाहिजे. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या शैव लेण्यात त्यांनी चर्च थाटलं, वर मठ बांधला. त्याचे अवशेष आजही उभे आहेत. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना दमिएता इथे सुलतान अल-कामिलच्या तंबूत निःशस्त्र गेलेला फ्रान्सिस, आणि सत्तेच्या आडोशाने दुसऱ्याचं देवस्थान ताब्यात घेणारे त्याचे अनुयायी, यांच्यात केवढं अंतर! फ्रान्सिसने १२२१ च्या नियमात बजावलं होतं की मुसलमानांमध्ये राहताना वाद घालू नका, सगळ्यांचे सेवक होऊन राहा. जिथे संघ राज्याच्या पाठीशी गेला, तिथे हा नियम मागे पडला.

पण त्याच वसईने गोन्सालो गार्सियाही दिला. वसईत जन्मलेला, जपानमध्ये व्यापार करून पैसा मिळवलेला हा माणूस मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला. दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला, आणि त्याच्या सोबत्यांनी क्योतोमध्ये कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. पुढे १९३२ मध्ये शामराव हिवाळे यांनी व्हेरिअर एल्विन यांच्यासोबत मंडल्याच्या गोंड मुलखात संत फ्रान्सिसच्या नावाने आश्रम काढला, तोही सत्तेच्या सावलीबाहेर, गवताच्या झोपड्यांत. वसईतच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली. विहिरी, वाड्या आणि शेतजमीन गिळू पाहणाऱ्या नगरविकासाला विरोध केला. तिथेही समोर सिडकोच्या योजना होत्या. ते फ्रान्सिस्कन संघाचे नव्हते. पण पाण्याला बहीण मानायचं तर तिच्यासाठी मोर्चाही काढावा लागतो, हे त्यांनी मराठी समाजाला दाखवलं.

कर्नाळ्यापुढे तारा गाव. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरचं मुख्य काम इथे आहे. मुंबईचे महापौर राहिलेले, ‘चले जाव’ आंदोलनाला त्याचा इंग्रजी नारा देणारे समाजवादी मेहेरअली. त्यांच्या नावाने डॉ. जी. जी. पारीख आणि सहकाऱ्यांनी काम उभं केलं. आधी दवाखाना, मग घाण्याचं तेल, साबण, मातीकाम, शाळा. जीजींचा जन्म ३० डिसेंबर १९२४ चा, तर निधन २ ऑक्टोबर २०२५ चं, शंभरी ओलांडून. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंग, आणीबाणीत पुन्हा तुरुंग, आयुष्यभर खादी आणि मोजकंच सामान. त्यांचा मार्ग गांधी-समाजवादाचा होता, ख्रिस्ती नव्हता. तरीही साधेपणा काटकसरीसाठी नाही, दुसऱ्याच्या वाट्याला काही उरावं यासाठी आहे, हे फ्रान्सिसचं सूत्र ताऱ्यातल्या तेलघाणीजवळ उभं राहून जितकं स्पष्ट दिसलं, तितकं पुस्तकात दिसलं नव्हतं. याच रस्त्याने आणखी पुढे, पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबांचा जन्म. भूदानासाठी देशभर पायी फिरून दुसऱ्यांसाठी जमीन मागणारा माणूस जिथून आला, त्याच जिल्ह्यात आज जमिनीचा भाव हाच गप्पांचा पहिला विषय आहे.

संध्याकाळी करंजाडेला परतलो तेव्हा फाटकांवर पहारेकऱ्यांची पाळी बदलत होती, घरकाम आटपून बायका रिक्षाची वाट पाहत होत्या, बांधकामावरचे मजूर पत्र्याच्या खोल्यांकडे निघाले होते. फ्रान्सिस करंजाडेत आला असता तर तो यांच्यापैकीच कोणाजवळ तरी थांबला असता, याबद्दल मला शंका नाही.

त्याची मूल्यं इथे जगायला दीक्षा लागत नाही. सोसायटीच्या सभेत पहारेकऱ्याच्या पगाराचा आणि बसायच्या जागेचा विषय काढता येतो. घर भाड्याने देताना जात, धर्म आणि जेवण न विचारता देता येतं. दमिएताच्या तंबूत जाण्यापेक्षा ते सोपं आहे. सांडपाणी शुद्ध न होता गाढीत जातं का, हे विचारता येतं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहता येतं. दुसरा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेण्याआधी थांबता येतं. शेजारच्या प्रकल्पग्रस्त कुटुंबाच्या थकलेल्या हक्काच्या अर्जावर आपलीही सही करता येते. आणि वर्षातून एकदा मुलांना घेऊन नेऱ्याला जाता येतं, देणगीची पावती घेऊन परतण्याआधी तिथल्या माणसांजवळ बसायला.

असिसीचा माणूस घर सोडून गेला. आपल्याला घरात राहून तेच करायचं आहे, आणि ते अधिक अवघड आहे, कारण आपल्याला रोज करावं लागतं. करंजाडेसारख्या शेकडो नव्या वसाहती महाराष्ट्रात उभ्या राहत आहेत. त्या नुसत्या इमारती राहतील की गावं होतील, हे सिडकोच्या नकाशावर ठरणार नाही. ते आपल्या दाराशी ठरेल. सुरुवात या आठवड्यातच करा: ज्याचं नाव तुम्ही आजवर विचारलं नाही, अशा एका माणसाला ते विचारा, आणि तिथून पुढे चालू लागा.