समासात लिहिलेलं

एम.एस.डब्ल्यू. करणाऱ्यांचं निम्मं शिक्षण वर्गाबाहेर होतं. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्कचे, आणि ते दोन दिवस बाकीच्या सगळ्या दिवसांना पुरून उरतात. त्या सकाळी वर्ग शहरभर विखुरतो. कुणी बालगृहात, कुणी पोलीस ठाण्यातल्या महिला कक्षात, कुणी गोवंडीच्या गल्लीबोळांत, कुणी मनोरुग्णालयाच्या आवारात. संध्याकाळी होस्टेलच्या मेसमध्ये ही मंडळी परत भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘काय, रॅपो झाला का?’ समोरच्या माणसाचा आपल्यावर थोडाफार विश्वास बसणं, याला वर्गात रॅपो म्हणत. मेसमध्ये मात्र वाढप्याने जादा पापड दिला तरी ‘रॅपो झाला’ म्हणायचे. माझं नाव परळच्या पालिका रुग्णालयापुढे लागलं होतं.

घरी हे सगळं समजावून सांगणं जड गेलं. आई-वडिलांना डिग्री आहे एवढ्यावर समाधान होतं, अडचण होती ती आत्याची. ती पुण्याची. हिंगण्याच्या रस्त्याने चालत येणारे अण्णासाहेब कर्वे तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले, आणि स्वतः तिने एका संस्थेत वर्षानुवर्षं एक पैसा न घेता शिवण शिकवलेलं. ‘समाजसेवेची डिग्री?’ ती म्हणाली, ‘आणि मग पगार घेणार? लोकांच्या दुःखाचा?’ तिचा टोमणा नव्हता तो, खरोखरचा प्रश्न होता. आपल्याकडे १८९६ साली कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, १९११ साली ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली. ही सगळी माणसं व्रत घेतल्यासारखी जगली. त्यांना मानणाऱ्या घरात नऊ ते पाच, रविवारी सुट्टी आणि प्रॉव्हिडंट फंड कापणारी सेवा म्हणजे ऐकायलाच चमत्कारिक. मी तिला म्हटलं, अण्णासुद्धा फर्ग्युसनमध्ये गणिताचे पगारी प्राध्यापक होतेच की. ‘ते गणिताचे’, आत्या म्हणाली. यावर उत्तर नव्हतं माझ्याकडे.

पण त्या व्रताच्या वाटेला दुसरी एक वाट येऊन मिळाली ती नागपाड्यात. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचा अमेरिकन मिशनरी तिथे नेबरहूड हाउस चालवत होता. चाळी, गिरणी-गोदीचे कामगार, सावकारी, आजारपण, सगळं दाराबाहेरच. नुसत्या कळवळ्याने हे आवरत नाही, त्याचं शिक्षण घ्यायला हवं, हे त्याने टाटांच्या विश्वस्तांना पटवलं आणि १९३६ साली त्याच वस्तीत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. १९४४ मध्ये त्याची टाटा इन्स्टिट्यूट झाली, १९५४ मध्ये ती देवनारला गेली. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे इन्स्टिट्यूट अशी कॉलेजं निघाली. शाळा वस्तीत निघाली आणि मग कॅम्पसवर गेली, हे मला उगाचच लागून राहिलेलं आहे. फील्डवर्कचे दोन दिवस म्हणजे आठवड्यातून दोनदा परत नागपाड्याला जाणं, असं मी मनाशी धरून चालले होते.

अभ्यासक्रमातल्या पुष्कळशा पेपरांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सामाजिक धोरण, मानवी विकास, संशोधनपद्धती; नोट्स काढल्या, पास झाले. संख्याशास्त्राला तर गटातल्या एका मुलीच्या पुण्याईवर तरले. मनात घर केलं ते प्रोसेस रेकॉर्डिंगने.

प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणजे घडलेलं संभाषण जसंच्या तसं कागदावर उतरवणं. माणसासमोर वही काढायची नाही. टेप वगैरेचा तर प्रश्नच नाही. ऐकायचं, डोक्यात साठवायचं आणि बाहेर पडल्यावर लिहून काढायचं. मी परळहून कुर्ला आणि कुर्ल्याहून हार्बर अशी परत यायची. लेडीज डब्यात बसायला मिळालं तर मांडीवर फाइल ठेवून लिहायची, नाही तर वाक्यं मनात घोळवत दांडा धरून उभी. भाजी निवडणाऱ्या बायका मेथीची पानं खुडता खुडता माझ्या कागदात डोकावायच्या. फुलस्केप कागदाला उभी घडी घालून उजवीकडे रुंद समास पाडायचा. डावीकडे संभाषण, समासात त्या त्या क्षणी आपल्याला काय वाटलं ते. त्या लिखाणावर आमचं फील्डवर्क पाहणाऱ्या मॅडम हिरव्या शाईने प्रश्न लिहीत. शाबासकी नाही, चूक-बरोबर नाही, फक्त प्रश्न.

माझ्या पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये एका बाईंचं बोलणं होतं. ‘घरी सासू, दोन पोरं. (गप्प झाल्या.) धाकटा माझ्याबिगर जेवत नाही.’ कंसातल्या त्या दोन शब्दांखाली हिरवी रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, ‘किती वेळ?’

किती वेळ गप्प होत्या, हे कुणी मोजतं का? पण प्रश्न असा की पुढच्या खेपेला कान आपोआप तिकडे गेले. वॉर्डात अर्धं मिनिट हा फार मोठा काळ असतो. त्यात औषधांची ट्रॉली एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दोनदा कूस बदलतो, आणि आपल्याला काहीतरी बोलावं, धीर द्यावा, निदान पाण्याचा ग्लास पुढे करावा असं अनावर होतं. तो ग्लास आपल्या सोयीसाठी असतो. बाई गप्प होतात तेव्हा बहुधा काहीतरी ठरवत असतात, आणि त्यानंतर जे येतं ते आधीच्या दहा वाक्यांहून वेगळं असतं. मेरी रिचमंडने १९१७ साली ‘सोशल डायग्नोसिस’ लिहिलं, फेलिक्स बीस्टेक या जेझुइट पाद्र्याने १९५७ मध्ये केसवर्कची सात तत्त्वं मांडली, ती आम्ही परीक्षेत क्रमाने लिहिली. पण मला ती समजली असतील तर त्या हिरव्या शाईमुळे.

सातांतलं एक तत्त्व स्वनिर्णयाचं. आपल्या आयुष्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, कार्यकर्त्याने नाही. कागदावर किती सोपं. हिवाळा तोंडावर आला असताना माझ्याकडे बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड बाईंची फाइल आली. लहानपणी सांधे धरून आलेला ताप, त्याने हृदयाची झडप खराब झालेली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. अगदी आज-उद्या नव्हे, औषधांवर काही महिने काढता येतील, मात्र जड काम बंद, असं केसपेपरवर लिहिलं होतं. माझं काम व्हॉल्व्हच्या पैशांची तजवीज. त्या काळी त्याची एक ठरलेली वाट होती. समाजसेवा विभागाच्या भिंतीवर ट्रस्टांच्या पत्त्यांची यादी चिकटवलेली असे. रेशनकार्ड, डॉक्टरांचं पत्र, खर्चाचं कोटेशन जोडून एकेका ट्रस्टला अर्ज करायचा. कुणी पाच हजार द्यायचं, कुणी दोन. कमी पडलं तर रुग्णालयाचा पुअर बॉक्स फंड, मुख्यमंत्री निधी. अर्ज लिहिण्यात माझा हात बसला होता.

बाई म्हणाल्या, ‘म्याडम, उचल फिटल्यावर केलं तर चालंल का?’

आणि गप्प झाल्या. मीही गप्प बसले. मग त्यांनी सांगितलं. ऊसतोडीच्या मुकादमाकडून दोघांनी आगाऊ उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको नसली तर नवरा अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला कोण विचारतो? एक दिवस गेला की खाडा, खाड्याचे पैसे कापले जाणार. थोरली मुलगी चौदाची. आई नाही गेली तर मोळ्या बांधायला तीच जाणार. ‘तिची शाळा हाय’, एवढंच त्या म्हणाल्या. केसपेपरवरचं ‘जड काम बंद’ आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, दोन्ही एकाच बाईबद्दल होतं.

मी ते सगळं लिहिलं. समासात माझ्या बाजूने लिहिलं की मला मुकादमाचा राग आला, नवऱ्याचा आला, मग नवऱ्याचा येईना. मॅडमनी आय.सी.मध्ये, म्हणजे दर आठवड्याला एकट्या विद्यार्थ्याशी त्या बोलत त्या बैठकीत, एकच विचारलं, ‘उचलेचा हिशेब कागदावर मांडलाय का कुणी?’ नव्हता मांडला. मग मी आणि त्या बाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून बराच वेळ आकडेच मांडत राहिलो. उचल किती, टनाला दर काय, वाढं विकून किती, किराणा मुकादमाच्याच ओळखीच्या दुकानातून म्हणून त्यात किती. बाईंना अक्षरओळख बेताची, पण हिशेब तोंडपाठ. त्यातून आणखी एक गाठ पुढे आली. यांत्रिक झडप बसवल्यावर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. उसाच्या फडात, कोपीत राहणारी बाई ही तपासणी कुठे करणार? ट्रस्टच्या अर्जात या प्रश्नाला रकाना नव्हता. बाईंनीच डॉक्टरांना विचारलं, माझ्यामार्फत नव्हे, स्वतः, पदर खोचून, राउंडच्या वेळी सगळ्या निवासी डॉक्टरांदेखत. डॉक्टर थांबले. त्यांनी खुर्ची ओढली.

शेवटी काय ठरलं? औषधं घेऊन बाई फडावर जाणार, मोळी उचलणार नाहीत, बांधणी तेवढी करणार, आणि हंगाम संपला की ऑपरेशनला येणार. हे शहाणपणाचं होतं का? मला आजही सांगता येत नाही. मोळी न उचलता फडावर राहू देणारा मुकादम मी तरी पाहिलेला नाही. मार्चमध्ये माझं प्लेसमेंट संपलं तेव्हा हंगाम चालू होता. ट्रान्सफर समरी लिहून फाइल विभागाच्या हवाली केली. विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुतेक गोष्टींचे मधलेच तुकडे येतात.

त्या दिवसांत दुपारच्या सुट्टीत मी कधीकधी दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेकडे जायची. टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घेणारे बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे उतरतात. आजारी माणसाला रुग्णालयात खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेल्याने कुठे झोपायचं, हे पाहायला गाडगेबाबांना कुठला पेपर द्यावा लागला नव्हता. अशा वेळी आत्या बरोबर वाटायची. पण दुसऱ्या दिवशी वॉर्डात कुणी कनवाळू गृहस्थ केळी वाटत फिरायचे, मधुमेह्यांनाही, आणि मग मॅन्शार्ट बरोबर वाटायचा.

ग्रामीण शिबिराला आम्हाला जव्हारकडे नेलं. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, त्याची कात्रणं आम्ही आधीच वाचलेली. तिथे गावाचा नकाशा लोकांकडूनच काढून घ्यायचा होता. पुरुषांनी काठीने अंगणात काढला : रस्ता, पाडे, आश्रमशाळा, देव. बायकांनी वेगळा काढला, तांदळाच्या पिठाने. त्यांनी आधी झरा काढला, मग चैत्रात तो आटला की जायची दुसरी वाट, तिच्यावर बसायचा दगड. एकीने मधेच पीठ पुसून वाट लांबवली. ‘एवढी जवळ नाय ती’, म्हणाली. पथनाट्यं, श्रमदान, करपलेली खिचडी हे सगळं बाकीच्यांचं इतकं सांगून झालंय की मी सोडून देते.

आता मीच एका धर्मादाय रुग्णालयात समाजसेवा विभाग सांभाळते आणि विद्यार्थी माझ्याकडे फील्डवर्कला येतात. काळ बदलला. महात्मा फुले जन आरोग्य योजना आली. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेमुळे धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. भिंतीवरची ट्रस्टांची यादी पिवळी पडली, पण उतरलेली नाही. २०१४ पासून कंपन्यांचे सीएसआरचे पैसे या क्षेत्रात आले आणि त्यांच्याबरोबर डॅशबोर्ड आणि ‘इम्पॅक्ट’ही आले. आकड्यांशी माझं वाकडं नाही. पण कुणी गप्प झालं तर ते डॅशबोर्डवर कुठे भरायचं, हे अजून कुणी मला दाखवलेलं नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी हाताने रेकॉर्डिंग लिहायला लावते. कुरकुर होते. होऊ दे.

या वर्षीची विद्यार्थिनी लातूरची. तिने रेकॉर्डिंग लिहिलं, आणि वर न सांगता एक एक्सेल शीट करून आणली. खाटेसाठी अर्ज करणाऱ्यांना आपण परत का पाठवतो, याची. रेशनकार्ड जुन्या पत्त्याचं, आधारवर बाईचं माहेरचं नाव, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली. बहुतेक अर्जदार गरीब नाहीत म्हणून परत जात नव्हते, नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने लिहिलंय म्हणून जात होते. पहिल्याच भेटीत काय काय विचारून घ्यायचं त्याची यादी तिने शेजारी केली होती. मी डॅशबोर्डबद्दल बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ही यादी काउंटरवरच्या सगळ्यांना पाठव म्हटलं.

शेवटचा रकाना होता ‘शेरा’. इतका अरुंद की त्यात ‘कागद अपुरे’ एवढंच मावावं.

‘हा चांगला रुंद कर.’

‘मॅडम, मग प्रिंट आडवी घ्यावी लागेल.’

घे म्हटलं.