त्या कॉइनचा भाव कुठे आहे?

सध्या डहाणूत घरी बसून एका क्रिप्टो बाजारभावाच्या टूलची माहिती लिहितोय. वाचणार एआय एजंट (एलआयसीवाला नव्हे), म्हणजे आपल्या वतीने भाव काढणारा प्रोग्राम. त्याला सगळं फोडून सांगावं लागतं: भाव रुपयांत की डॉलरमध्ये, कुठल्या एक्सचेंजचा, किती वाजताचा. कॉइन सापडलं नाही तर अंदाज ठोकायचा नाही, ‘भाव उपलब्ध नाही’ एवढंच सांगायचं.

रविवारी तलासरीचा मावसभाऊ आला. मिरचीचे चाळीस हजार त्याने एका अ‍ॅपमधल्या कॉइनमध्ये घातलेत. “दादा, सरकार ३० टक्के कर घेतं, म्हणजे मान्यताच ना?” कर २०२२ पासून आहे, पण कर म्हणजे हमी नव्हे. टूलमध्ये नाव टाकलं. भाव उपलब्ध नाही. टूल बघतं त्या एकाही एक्सचेंजवर ते कॉइन नाही.

गेनबिटकॉइन प्रकरणातही बिटकॉइनचा वायदा करून शेवटी घरचंच ‘एमकॅप’ हातावर ठेवलं, असा आरोप आहे.

“पण रोज वर जातंय की!”

म्हटलं, आत्ता पाचशे काढून दाखव.

चार दिवस झाले, अजून ‘प्रोसेसिंग’च दिसतंय. आपल्याकडे आणखी कुणी भरलेत का? लाजू नका, १९३० ला फोन करा.